घरचें गणित : स्थिरांक काढून टाकावयाचे ते कशासाठीं ?

सेलूहून एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. घर एकत्र, माणसें पुष्कळ, आणि त्यांत बारावींत शिकणारी त्यांची पुतणी. मुलगी हुशार, समीकरणें भराभर सोडविते. पण अवकल समीकरणांच्या प्रकरणाशीं येऊन ती अडली आहे, आणि अडली आहे ती रीतीपाशीं नव्हे. रीति तिला येते. दिलेल्या समीकरणांत अ, ब असे स्वेच्छ स्थिरांक असावयाचे. ते जितके असतील तितक्या वेळां अवकलन करावयाचें. मग सर्व समीकरणें एकत्र घेऊन ते स्थिरांक घालवावयाचे. उरेल तें उत्तर. तिचा प्रश्न असा कीं, जें हातीं होतें त्यांतून दोन अक्षरें काढून टाकून आपण मिळविलें काय ? पुढच्याच पाठांत त्या उत्तरावरून मूळ समीकरण पुन्हां काढावयास सांगतात. म्हणजे विहिरीचें पाणी उपसून विहिरींतच ओतावयाचें. आजोबांचा सल्ला पडला, "परीक्षेपुरतें करून टाक." त्यावर मुलीनें सांगितलें कीं, ज्याचा अर्थ कळत नाहीं त्या विषयांत पुढें तीन वर्षें घालविण्याची तिची इच्छा नाहीं. गणित घ्यावें कीं सोडावें, याचा निकाल त्या घरांत या उन्हाळ्यांत लागावयाचा आहे, आणि मुलीच्या शंकेंत कांहीं तथ्य आहे काय, अशी विचारणा काकूंनीं आमच्याकडे केली आहे.

तथ्य आहे, आणि आमच्या मतें ती शंका पुस्तकानेंच मुलांच्या तोंडीं घालावयास हवी होती. शाळेच्या पुस्तकांत निरसनाचीं दहा-बारा उदाहरणें ओळीनें असतात, प्रत्येकाचें उत्तर असतें, आणि उत्तराखालीं रेघ. तें उत्तर बोलतें काय, हें कोणी विचारीत नाहीं. आमचें सांगणें एवढेंच कीं, निरसन करून जें समीकरण उरतें तें मराठींत वाचून पाहावें. वाचतां आलें तर उदाहरण सुटलें. न आलें तर नुसतीं अक्षरें हलविलीं.

अगदीं साधें उदाहरण घेऊं. मोंढ्यांत ज्वारी घ्यावयाची आहे. दुकानें अनेक, भाव निरनिराळे. वजनास क्ष म्हणूं, किंमतीस य, आणि दुकानदाराच्या भावास अ. मग य = अ × क्ष. हें कोणा एका दुकानाचें समीकरण नव्हे. अ च्या जागीं जो आंकडा घालाल त्या दुकानाचें तें होईल. म्हणून अ यास स्वेच्छ स्थिरांक म्हणतात : एका दुकानांत तो स्थिर, दुकान बदललें कीं बदलणारा. आतां अवकलन करूं, म्हणजे वजन किंचित् वाढविलें असतां किंमत कोणत्या दरानें वाढते तें काढूं. त्या दरास य′ म्हणूं. येथें य′ = अ. दोन समीकरणें झालीं; त्यांतून अ घालविला; उरलें य = क्ष × य′. दोन्ही बाजूंस क्ष नें भागलें तर य ÷ क्ष = य′.

हें वाचा. डावीकडे आतांपर्यंत घेतलेल्या सर्व धान्याचा सरासरी भाव आहे. उजवीकडे यापुढें तराजूंत पडणाऱ्या मुठीचा भाव आहे. दोन्ही सारखे, असें समीकरण म्हणतें. भाव किती, याविषयीं तें मुकें आहे. पण सरळ हिशेब कशास म्हणावें तें त्यानें सांगितलें. एकाद्यानें पिशवीचे पांच रुपये आधींच धरले, किंवा दहा किलोंच्या पुढें सूट दिली, कीं हें समीकरण मोडतें. य = अ × क्ष हें एका दुकानाचें वर्णन होतें; य ÷ क्ष = य′ हा सगळ्या मोंढ्याचा कायदा झाला. वर्णनांतून कायदा काढावयाचा तर दुकानदाराचें नांव त्यांतून वगळावेंच लागतें.

पिशवीचे पैसे हिशेबांत घेतले तर य = अ × क्ष + ब. एकदां अवकलन केलें कीं ब जातो, दुसऱ्यांदा केलें कीं अ जातो, आणि उरतें य″ = ०. भाव कोणताही असो, पिशवी कितीचीही असो, दर मध्येंच बदलत नाहीं, इतकाच त्याचा अर्थ.

पण दोन स्थिरांकांस दोनदां अवकलन कां ? हें समजण्यासाठीं सेलूहून फार दूर जावयास नको. सेलूच्या दक्षिणेस थोड्या कोसांवर पाथरी आहे. जुन्या ग्रंथांत ज्या गांवास पार्थपुर म्हटलें आहे तें हेंच, असें अभ्यासक मानतात. तेथील ज्ञानराजानें शके १४२५ मध्यें, म्हणजे इ. स. १५०३ सालीं, 'सिद्धान्तसुंदर' हा ज्योतिषग्रंथ रचिला. त्याचा पुत्र सूर्यदास यानें भास्कराचार्यांच्या बीजगणितावर १५३८ सालीं 'सूर्यप्रकाश' ही टीका लिहिली, आणि पुढें तीनचार वर्षांत लीलावतीवर 'गणितामृतकूपिका'. ज्या बीजगणितावर गोदातीरीं बसून ही टीका झाली त्यांत अज्ञात राशींस रंगांचीं नांवें आहेत. पहिला यावत्तावत्, मग कालक, नीलक, पीतक; काळा, निळा, पिंवळा. एकाहून अधिक रंग असले कीं त्यास अनेकवर्ण समीकरण म्हणावयाचें. एक रंग बाकीच्यांच्या भाषेंत मांडून समीकरणांतून घालवावयाचा, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक रंग घालवितांना एक विधान खर्ची पडतें. दोन रंग घालवून शेवटीं हातीं कांहीं उरावयाचें असेल तर तीन विधानें पाहिजेत. हें सूर्यदासाची टीका वाचणाऱ्यास पांचशें वर्षांपूर्वी ठाऊक होतें, आणि बारावीच्या मुलीस ठाऊक असावें लागतें तेंही एवढेंच.

फरक आहे तो पुढें. बीजगणितांत रंग घालवावयाचे ते अखेर त्यांची किंमत सांपडावी म्हणून. आणि लागणारीं विधानें प्रश्न घालणाऱ्यानेंच दिलेलीं असतात. येथें स्थिरांक घालवावयाचे ते त्यांची किंमत कधींच विचारूं नये म्हणून. आणि हातीं विधान एकच. मग वरचीं विधानें आणावयाचीं कोठून ? अवकलनानें. प्रत्येक अवकलन त्याच वक्रासंबंधीं एक नवें खरें विधान देतें. अ, ब, क असे तीन स्थिरांक असले तर तीनदां अवकलन करून मूळच्यासह चार विधानें होतात. तीन खर्ची पडतात, एक उरतें. नवल असें कीं, दोन्ही साधनें भास्कराचार्यांच्या हातीं होतीं. ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणींत ग्रहाची तात्कालिक गति, म्हणजे त्या क्षणाची गति, कोटिज्येच्या साहाय्यानें काढलेली आहे. रंग घालविण्याची रीति एका भागांत, क्षणाची गति दुसऱ्या भागांत. त्यांची गांठ पडली ती फार उशिरां, युरोपांत, सतराव्या शतकाच्या अखेरीस. मराठींत हें गणित प्रथम आणलें बाळशास्त्री जांभेकरांनीं, 'शून्यलब्धि' या नांवानें. तो शब्द आतां मागें पडला, तरी आम्हांस आजच्या कोणत्याही शब्दाहून तो गोड वाटतो.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण परीक्षेंत मुलें येथेंच घसरतात. समीकरणांत अक्षरें जितकीं दिसतात तितके स्थिरांक असतातच असें नाहीं. ठराविक दरानें चक्रवाढ व्याज देणारी पेढी घ्या. मुद्दल एक स्थिरांक, ठेव ठेवल्याची तारीख दुसरा, असें वाटतें. परंतु आज शंभर रुपये ठेवले काय, आणि ते दामदुप्पट होतील त्या दिवशीं नवे दोनशें ठेवले काय, त्या दिवसापासून दोन्ही खात्यांचा आलेख एकच. तारीख बदलून जें साधतें तें मुद्दल बदलूनही साधतें. हीं एकाच स्थिरांकाचीं दोन नांवें आहेत, म्हणून अवकलनही एकच पुरतें : य′ = द × य, द हा दर. वाढीचा वेग शिलकेच्या प्रमाणांत असतो, असें वाचन.

आतां दरही निरनिराळ्या पेढ्यांचा निरनिराळा धरला तर द हाही स्वेच्छ झाला, आणि स्थिरांक खरोखरीचे दोन झाले. पुन्हां अवकलन केलें, दोन्ही घालविले, तर उरतें य × य″ = (य′)². हें सूत्र पुस्तकांत सांपडेल. त्याचें वाचन सहसा सांपडणार नाहीं. शिल्लक, शिलकेची वाढ, आणि वाढीची वाढ अशा तीन राशी ओळीनें मांडा. मधलीचा वर्ग हा कडेच्या दोहोंच्या गुणाकाराइतका आहे. म्हणजे त्या तीन राशी भूमितिश्रेढींत आहेत, आणि प्रत्येक क्षणीं आहेत. मुद्दल गेलें, तारीख गेली, दर गेला; आणि चक्रवाढ म्हणजे काय तें मात्र आतांच कळलें.

मुलीचा खरा आक्षेप मात्र अजून उरलाच. स्थिरांक राहूं दिले तर बिघडतें काय ? सेलूच्या आसपासच्या शेतांतच याचें उत्तर आहे. काळ्या जमिनींत पावसाचें पाणी उतारानें धांवूं लागलें कीं माती घेऊन जातें. म्हणून उतारास आडवे, एकाच पातळीवरून जाणारे बांध घालतात. समपातळी रेषा म्हणजे जिच्यावरील सर्व बिंदु सारख्या उंचीचे अशी रेषा. पाणी वाहतें तें प्रत्येक ठिकाणीं या रेषेस काटकोन करून, कारण तोच सर्वांत तीव्र उतार. एक टेकाड पूर्व-पश्चिम लांबट आहे असें समजूं. माथ्यापासून पूर्वेकडील अंतर क्ष, उत्तरेकडील य; आणि समपातळी रेषा क्ष² + २य² = अ. अ जितका मोठा तितकी रेषा माथ्यापासून दूर, म्हणजे खालच्या पातळीची. अवकलन केलें : २क्ष + ४य × य′ = ०, म्हणून य′ = −क्ष ÷ २य. येथें अ आपोआपच गळाला. या उत्तराचें वाचन : टेकाडावर कोठेंही उभे राहा, पातळी किती हें ठाऊक नसलें तरी समपातळी रेषा कोणत्या दिशेनें जाते तें क्ष आणि य यांवरून सांगतां येतें. काटकोनांतील दोन रेषांच्या चढांचा गुणाकार −१ असतो; म्हणून पाण्याच्या वाटेचा चढ य′ = २य ÷ क्ष. त्यावरून वाट निघते य = ब × क्ष². प्रत्येक ओघळीचा ब निराळा. माथ्याजवळ पडलेलें पाणी प्रथम लांबट कण्याच्या कडेनें जातें आणि मग हळूहळू उत्तरेस किंवा दक्षिणेस वळतें. टेकाडावरचा पाऊस ज्यानें पाहिला आहे त्यास हें पटेल.

आतां प्रश्न उलटा करूं, कारण शेतांत तो उलटाच येतो. ओघळी डोळ्यांस दिसतात, बांधाची रेषा काढावयाची आहे. ओघळ य = ब × क्ष², तिचा चढ २ब × क्ष. घाईनें गणित करणारा येथें म्हणेल, काटकोनांतील चढ −१ ÷ (२ब × क्ष). ब तर स्थिरांकच आहे. तो तसाच ठेवून संकलन करूं. कागदावर सर्व सुरळीत पार पडेल आणि लॉगॅरिथमची एक रेषाही मिळेल. त्या रेषेवर बांध घातला तर एका टोकास पाणी तुंबेल आणि पहिल्या मोठ्या पावसांत बांध फुटेल. कारण बांध एकाच ओघळीवर थोडाच असतो ? तो एकामागून एक ओघळी ओलांडतो, आणि प्रत्येक ओघळीस ब निराळा. ओघळीच्या वाटेनें जाणाऱ्यास जो स्थिर, तो बांधावरून चालणाऱ्यास पावलोपावलीं बदलणारा. म्हणून बांधाची रेषा काढण्यापूर्वी ब घालविलाच पाहिजे : ब = य ÷ क्ष²; चढ २य ÷ क्ष; काटकोनांत −क्ष ÷ २य; आणि तेथून पूर्वीची समपातळी रेषा बरोबर मिळते. स्थिरांक ठेवल्यानें माहिती राहते खरी, पण ती एका ओघळीची माहिती सगळ्या शेतावर लादली जाते.

हा प्रश्न लहानसहान नव्हे. दिलेल्या वक्रकुलास सर्वत्र काटकोनांत छेदणारें दुसरें कुल शोधावें, अशाच स्वरूपाचें कोडें लाइब्निझनें १७१५ सालीं इंग्रज गणित्यांची नाडी पाहण्याच्या उद्देशानें धाडलें होतें. न्यूटन तेव्हां सत्तरी ओलांडलेला. टांकसाळीच्या कामावरून थकून आल्यावर त्यानें एका संध्याकाळींच त्याची रीति काढली, असें सांगतात.

उत्तर वाचतां येणें किती अवघड असतें, याचें एक नामांकित उदाहरण आपल्या देशांतलें आहे. वर्तुळ, लंबवर्तुळ, अन्वस्त, अपास्त या सर्वांस मिळून शांकव म्हणतात, आणि शांकवाच्या सामान्य समीकरणांत स्वेच्छ स्थिरांक पांच. ते पांचही घालवून मोंझ या फ्रेंच गणित्यानें पांचव्या कोटीचें समीकरण सिद्ध केलें. समीकरण खरें, पण त्याचा भूमितींतील अर्थ लागेना. बूलसारख्या पंडितानेंही आपल्या ग्रंथांत येथें हात टेकले. १८८० नंतरच्या दशकांत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्याचें वाचन प्रसिद्ध केलें तें आशुतोष मुखर्जी यांनीं. त्या वेळीं ते पंचविशीच्या आंत-बाहेर होते. कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरु म्हणून त्यांची ख्याति झाली ती फार पुढें. त्या वाचनाचा मथितार्थ साध्या शब्दांत असा : कोणत्याही वक्रावर एक बिंदु घ्या, तेथें त्यास अत्यंत निकट बसणारा शांकव कल्पा, आणि त्याचा मध्य टिपा. बिंदु वक्रावरून सरकला कीं हा मध्यही सामान्यतः सरकतो. वक्र स्वतःच लंबवर्तुळ असेल तर मध्य जागचा हालत नाहीं. मोंझचें तें लांबलचक समीकरण म्हणत होतें तें इतकेंच !

आणि गोव्यांत कोसबें येथें १९०७ सालीं जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी ? आपल्या घरांतून ते इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत. परंतु १९३३ सालीं, ज्या सुमारास ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवावयास आले, त्यांचा एक लेख जर्मनींतील नियतकालिकांत प्रसिद्ध झाला, आणि त्यास लागूनच फ्रेंच भूमितिज्ञ एली कार्तां यांचें टिपण छापलें गेलें. विषय हाच, मात्र फार उंचीवरून पाहिलेला : मार्गांचें एक कुल आहे, त्याचे स्थिरांक गेले आहेत, दुसऱ्या कोटीचीं समीकरणें तेवढीं हातीं आहेत, एवढ्यावरून त्या मार्गांची भूमिति किती सांगतां येईल? पुढें चिनी गणिती चेर्न यांनीं तो विचार वाढविला, आणि आज त्या सिद्धान्तास कोसंबी, कार्तां व चेर्न या तिघांचें नांव आहे.

राहतां राहिला विहिरीच्या पाण्याचा दृष्टान्त. मुलगी म्हणते, ओतलें तेवढेंच परत मिळतें. बहुधा तसेंच होतें. पण नेहमींच नव्हे. चौकटीच्या कागदावर य = अ × क्ष − अ² या रेषा काढा; अ च्या जागीं १, २, ३, अर्धा, दीड, उणे एक, जें सुचेल तें घाला. सर्व सरळ रेषा. पण पंधरा-वीस रेषा झाल्या कीं त्यांच्या कडेनें एक कमान आपोआप उमटलेली दिसेल, ठिपक्यांच्या रांगोळींत सरळ ओढींतून पाकळी उमटते तशी. आतां निरसन करा. य′ = अ, म्हणून य = क्ष × य′ − (य′)². आणि मग त्या कमानीचें समीकरण, य = क्ष² ÷ ४, यांत घालून पाहा : य′ = क्ष ÷ २, उजवी बाजू क्ष² ÷ २ वजा क्ष² ÷ ४, म्हणजे क्ष² ÷ ४. तंतोतंत जुळतें ! अ ची कोणतीही किंमत घातली तरी ही कमान मूळच्या कुलांत येत नाहीं, कारण तेथें सगळ्या सरळ रेषाच होत्या. तरी कायदा तिला लागू आहे. कारण कमानीच्या प्रत्येक बिंदूवर कुलांतील एक ना एक रेषा तिला स्पर्श करून जाते, आणि त्या बिंदूपुरता दोघींचा चढ एकच असतो. अशा समीकरणांस क्लेरो या फ्रेंच गणित्याचें नांव आहे. विहिरींत घागर रिकामी केली आणि वर काढली तेव्हां तींत मासळी आली, असा हा प्रकार. मुलीनें काकूंस शेजारीं बसवून हा कागद अवश्य काढावा. अर्ध्या तासाचें काम आहे आणि आजोबांसही दाखवितां येईल.

पुढील अंकापर्यंत वाचकांनीं एक उदाहरण करून पाहावें. मूळबिंदूंतून जाणारीं आणि ज्यांचा मध्य क्ष-अक्षावर आहे अशीं सर्व वर्तुळें घ्या : क्ष² + य² = अ × क्ष. अ घालवा. मग या वर्तुळांस सर्वत्र काटकोनांत छेदणारें कुल कोणतें तें शोधा. गणित न करतां प्रथम अंदाज लिहून ठेवावा, आणि अंदाज कसा सुचला तेंही पत्रांत कळवावें.